काप्पा तापीत येईल का? पोरांच्या पुस्तकांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी जपानी पुराणकथांवर बेतलेल्या मुलांच्या फँटसी साहसकथांबद्दल थोडंसं लिहिलं होतं, म्हणजे एखादं साधं शाळकरी पोर एका लाल कमानीतून पलीकडच्या जगात जातं आणि तिथे देव, भुतं, बोलके प्राणी भेटतात तशा गोष्टी. त्यावर खूप पत्रं आलीत, काही पोरांची स्वतःच्या अक्षरातली. सगळी इथे मावणार नाहीत, जी घेतलीत ती नावं न देता घेतलीत.

ताई, माझी मुलगी चौथीत आहे. तिच्या मामाने पुण्याहून असंच एक पुस्तक आणलं, ती ते हातातून सोडत नाही. पण रात्री लाईट बंद करू देत नाही आणि सासूबाई म्हणतात परक्या देशाची देवं-भुतं घरात कशाला आणायची. वाचू द्यावं का? – एक आई, शहादा

वाचू द्या, अगदी बिनधास्त वाचू द्या, फक्त रात्री झोपताना नको, दुपारी किंवा शाळेतून आल्यावर, आणि जमलं तर तुम्ही शेजारी बसा.

भीतीचं आधी सांगते. ह्या गोष्टींच्या मुळाशी जो ग्रंथ आहे तो कोजिकी, इ.स. ७१२ चा, आणि त्यातल्या काही कथा खरोखर भयंकर आहेत. इझानामी ही देवी अग्निदेवाला जन्म देताना भाजून मरते, तिचा नवरा इझानागी तिला आणायला योमी नावाच्या मृतांच्या देशात जातो, ती म्हणते मी इथलं अन्न खाल्लंय आता मला परत येता येत नाही, तरी विचारून बघते, पण तोवर माझ्याकडे बघू नकोस. तो बघतोच. कंगव्याचा एक दात मोडून पेटवतो आणि उजेडात त्याला दिसतं की तिच्या अंगात किडे पडलेत. मग ती चिडते, तिच्याकडच्या बाया त्याच्या मागे लागतात, तो पळता पळता डोक्यावर बांधलेली वेल फेकतो तिची द्राक्षं होतात, कंगवा फेकतो त्याचे बांबूचे कोंब होतात, त्या बाया ते खात थांबतात तेवढ्यात तो पुढे निघतो, शेवटी पीचची फळं फेकून मारतो आणि एक भलामोठा दगड लावून वाट बंद करतो. आता चौथीच्या पोरीला किडे वाचून झोप लागणार नाही हे खरंय, पण पळापळीचा भाग तिला प्रचंड आवडेल. मुलांसाठी लिहिणारे बहुतेक जण हेच करतात, किडे कमी करतात नि पळापळ ठेवतात.

माझा अनुभव असा की ज्या भुताला नियम असतो त्याची भीती पोरांना पेलते. पलीकडचं अन्न खाल्लं तर परत येता येत नाही, हा नियम कळला की पोरगी घाबरण्याऐवजी पुस्तकातल्या मुलीला ओरडून सांगते, ए खाऊ नको ते! म्हणून तिला रोज एकच प्रश्न विचारा, आज भेटलेल्या भुताचा नियम काय होता. ती सांगायला लागली की लाईटचा प्रश्न हळूहळू सुटेल.

आता सासूबाईंचं. त्यांना माकड आणि मगरीची गोष्ट नक्की येत असेल, काळीज झाडावर राहिलं म्हणणारं ते माकड. तीच गोष्ट जपानमध्ये आहे, तिथे समुद्राखालच्या नागराजाच्या घरी कुणीतरी आजारी असतं, औषधाला माकडाचं काळीज पाहिजे असतं, ते आणायला जेलीफिश जातो, वाटेत सगळं बोलून बसतो, माकड म्हणतं अरे काळीज तर मी झाडावर वाळत घातलंय, आणि परत आल्यावर जेलीफिशला असं बदडतात की त्याच्या अंगात हाडच राहत नाही. आपल्याकडे ही पंचतंत्रात आहे, जातकात आहे, आणि बौद्ध धर्मासोबत ह्या कथा चीनमार्गे तिकडे गेल्या. सरस्वतीसुद्धा तिकडे गेली, बेनझाइतेन नावाने, हातात वीणेऐवजी बिवा नावाचं वाद्य घेऊन, आणि पाण्याजवळ तिची देवळं असतात. यमराज तिथे एन्मा झाले, गरुड कारुरा झाला. सासूबाईंना म्हणा, आत्या, ही परकी नाहीत, आपल्याकडूनच गेलेली माणसं आहेत त्यात, आणि जमलं तर रात्रीची गोष्ट त्यांनाच सांगायला लावा.

ताई मी सातवीत आहे. मी एक गोष्ट लिहितोय, त्यात हिरोला काप्पा भेटतो आणि हिरोकडे नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याची पॉवर असते आणि तो सगळ्यांना हरवतो. माझा मित्र म्हणतो ही ॲनिमेची कॉपी आहे. मला वाईट वाटलं. काप्पा घेतला तर कॉपी होते का? आणि काप्पा तापीत येऊ शकतो का? – चोपडा

भाऊ, तुझं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं, त्यामुळे तुला मोठं उत्तर देते.

आधी कॉपीचं. काप्पा म्हणजे जपानी लोककथांतला नदीत राहणारा प्राणी, तो कुणा एकाचा नाही. नऊ शेपट्यांचा कोल्हा पण कुणा एकाचा नाही, तो चीन-जपानच्या जुन्या कथांत शेकडो वर्षांपासून आहे, आणि इनारी ह्या धान्याच्या देवाचे दूत कोल्हे असतात हे आजही तिकडच्या देवळात दिसतं, दारात दगडी कोल्हे बसलेले असतात. जुन्या कथेतला प्राणी घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. पण एखाद्या मुलाच्या पोटात तो कोल्हा बंद आहे, त्याचे कपडे असे, त्याचा डायलॉग असा, हे सगळं कुणीतरी बसून शोधून काढलेलं असतं, ते त्याचं. तू ते उचललं असशील तर काढून टाक, नसेल तर मित्राला सांग की काप्पा सगळ्यांचा आहे.

आता खरी गोष्ट. तुझा हिरो सगळ्यांना हरवतो, तर मग वाचणाऱ्याने पुढचं पान कशाला उलटायचं? जपानी कथांची गंमत मला इथेच वाटते की तिथे जिंकणारे बरेचदा लहान आणि कमजोर असतात. इस्सुन-बोशी म्हणून एक मुलगा आहे, एक इंच उंचीचा, सुई त्याची तलवार, भाताचा वाडगा त्याची होडी आणि चॉपस्टिक त्याचं वल्हं, आणि तो राक्षसाच्या पोटात जाऊन आतून सुई टोचतो. किंवा सुसानोओ घे, तो तर देव आहे, वादळाचा, तरी ओरोची नावाच्या आठ डोक्यांच्या सापाशी तो नुसता भिडत नाही. तो आधी आठ दारं असलेलं कुंपण घालतो, प्रत्येक दाराशी कडक दारूचं एकेक पिंप ठेवतो, आठही डोकी आठ पिंपात, साप झिंगून पडतो, मग तलवार. आणि शेपटी कापताना आतून दुसरीच तलवार निघते जी आज जपानच्या राजघराण्याच्या तीन पवित्र वस्तूंपैकी एक मानतात. म्हणजे डोकं आधी, तलवार नंतर.

काप्पाचं बघ. उंची तुझ्या धाकट्या भावाएवढी, पाठीवर कासवासारखं कवच, तोंडाला चोच, बोटांमध्ये पडदा, आणि डोक्यावर वाटीसारखा खळगा त्यात पाणी. सगळी ताकद त्या पाण्यात. पाणी सांडलं की तो लुळा पडतो. आणि तो अतिशय शिष्टाचार पाळणारा आहे, तुम्ही वाकून नमस्कार केला की त्याला वाकावंच लागतं, मग पाणी सांडतं. त्याला काकडी जीव की प्राण, कुस्ती पण आवडते, आणि त्याने दिलेला शब्द तो मोडत नाही. हाडं बसवायची विद्या त्याने माणसांना शिकवली अशाही कथा आहेत.

आता हा प्राणी तापीत आण. तू चोपड्याचा आहेस, तुला माहितीय उन्हाळ्यात नदीपात्रात वाळूत काकड्या आणि डांगरं लावतात. झालं ना काम! काकड्या चोरीला जाताहेत, वाडीवाले आजोबा तुझ्या हिरोवर संशय घेतात, हिरो रात्री राखण करायला बसतो आणि त्याला पाण्यातून आवाज येतो, "भाऊ, तुन्हाजोडे काकडी शे का?" आणि हो, त्याला अहिराणी बोलू दे, नदीत राहतो तर नदीकाठची भाषाच बोलेल नं तो. मग मे महिना. आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, जपानच्या काप्पाला ह्याची काय सवय, त्याच्या डोक्यावरचं पाणी दुपारी बारालाच आटायला लागतं. आता तुझ्या हिरोला एका ताकदवान दोस्ताला सावलीसावलीने, डोक्यावर ओलं फडकं टाकून, गावातल्या कुणाला न दिसता धरणापर्यंत न्यायचंय आणि वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस "राम राम" म्हणून हात जोडतोय, आणि हा वाकतोय! बघ, एकही फायटिंग नाही आणि मला आत्ताच पुढे काय होतं ते वाचायचंय.

कोल्ह्याची पॉवर काढून टाक असं मी म्हणत नाही, पण ठेवलीस तर तिची काहीतरी किंमत ठेव, वापरली की काहीतरी जातं असं. उराशिमा तारो कासवाला वाचवतो म्हणून त्याला समुद्राखालच्या महालात नेतात, तिथे तो मजेत राहतो, परत येतो तर गावात शेकडो वर्षं उलटलेली असतात, आणि उघडू नको सांगितलेली पेटी उघडली की धूर निघतो नि तो क्षणात म्हातारा होतो. फुकट काही मिळत नाही ह्या कथांत. गोष्ट पूर्ण झाली की मला पाठव, चुका राहिल्या तरी चालेल, पण पूर्ण कर.

मॅडम, धडगाव भागात जि. प. शाळेवर आहे. पोरं पावरी-भिलोरी बोलतात, मराठी पुस्तकही त्यांना जड जातं. अशा जपानी कथा वर्गात सांगाव्यात का, कोणत्या सांगाव्यात? पुस्तकं घ्यायला पैसे नाहीत. – एक शिक्षक

सर, तुमच्या पोरांना ह्या कथा शहरातल्या पोरांपेक्षा लवकर कळतील असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांच्यासाठी डोंगराला देव असतो, वाघाला देव असतो, धान्याची याहा मोगी असते, आणि जपानच्या शिंतो धर्मात नेमकं हेच आहे, झाड, धबधबा, खडक, सगळ्यात कामी, म्हणजे देव. जपानमध्ये ऐंशी लाख देव म्हणायची पद्धत आहे, म्हणजे मोजता येणार नाहीत एवढे.

पहिली गोष्ट अमातेरासूची घ्या. सूर्यदेवी ती. तिचा भाऊ सुसानोओ धिंगाणा घालतो, काय करतो तर भातशेतीचे बांध फोडतो, पाट बुजवून टाकतो. बांध फोडणं म्हणजे काय हे तुमच्या पोरांना समजवावं लागणार नाही, मुंबईच्या पोरांना लागतं. ती रागावून, घाबरून गुहेत जाऊन बसते, दगड लावून घेते, सगळीकडे अंधार. मग सगळे देव कोरड्या नदीपात्रात बैठक घेतात, कोंबडे आरवायला लावतात, झाडाला आरसा आणि मण्यांची माळ टांगतात, आणि उझुमे नावाची देवी पालथ्या पिंपावर चढून असा धमाल नाच करते की सगळे देव खदाखदा हसतात. आत बसलेली म्हणते मी नाही तरी हे हसताहेत कशाला, फट करून डोकावते, आरशात स्वतःचाच उजेड दिसतो, आणखी थोडी पुढे येते, तेवढ्यात दाराआड उभा असलेला दांडगा देव तिचा हात धरून बाहेर ओढतो आणि मागे दोरी बांधून टाकतात. जग वाचवायला कुणाला मारावं लागत नाही, हसवावं लागतं. पत्र्याचा डबा पालथा घाला, सगळ्या वर्गाला देव करा, दार लावून एका पोरीला आत बसवा, पुस्तक लागतच नाही. ओरोचीची सांगितलीत तर दारूची पिंपं गाळू नका, गोष्टीचा सांधाच तो आहे.

पैशाचं म्हणाल तर कामिशिबाई बघा. १९३० च्या दशकात जपानच्या गल्ल्यांत माणूस सायकलवर लाकडी चौकट लावून यायचा, पोरांना गोळ्या विकायचा आणि चौकटीतून एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायचा, मजकूर चित्राच्या मागच्या बाजूला. पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी पाहिलीय त्यांना हे लगेच कळेल. खोक्याचा पुठ्ठा कापा, चित्रं पोरांना काढू द्या, आणि मागच्या बाजूचा मजकूर पावरीत लिहू द्या, देवनागरीत, जसा बोलतात तसा. मराठी नंतर येईल.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. जपानी कथांत यामाउबा म्हणून डोंगरात एकटी राहणारी म्हातारी येते, बऱ्याच कथांत ती माणसं खाते. ही कथा तुमच्या भागात सांगू नका. तिथे आजही एकट्यादुकट्या बाईला डाकीण ठरवून मारतात, गावाबाहेर काढतात, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला तरी ते थांबलेलं नाही, आणि वर्गातल्या एखाद्या पोराची आजीच ती असू शकते. पण यामाउबाचीच दुसरी कथा आहे, किन्तारोची. त्यात तीच डोंगरातली म्हातारी एका बाळाला वाढवते, तो अस्वलाशी कुस्ती खेळतो, प्राण्यांशी बोलतो, मोठा होऊन शूर वीर होतो. ही सांगा, आणि दोनदा सांगा.

सानेगुरुजींच्या अमळनेरात बसून मी विचारतो, आपल्याकडे काय कमी आहे म्हणून पोरांना जपानचे राक्षस वाचायला द्यायचे? आपल्या खानदेशच्या कानबाई देवीच्या कथा, आपली भुतं, हे कुणी लिहायचं? – एक निवृत्त वाचक

काका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी मी शंभर टक्के सहमत आहे, पहिल्याशी नाही. सानेगुरुजींनीच परदेशी कादंबऱ्या मुलांसाठी मराठीत आणून सांगितल्या, बाहेरचं वाचलं तर आपलं पातळ होईल असं त्यांना वाटलं नाही.

आणि जपानचे राक्षस आज जगभर वाचले जातात ते आपोआप नाही. तिथे कुणीतरी गावोगावच्या कथा गोळा करून ठेवल्या. १९१० साली यानागिता कुनिओ ह्यांनी तोनो नावाच्या एका डोंगराळ भागातल्या कथा पुस्तकरूपाने छापल्या, त्या त्यांना तिथल्याच सासाकी किझेन ह्या तरुणाने सांगितल्या होत्या, त्यात काप्पा आहेत, घरात राहणारं लहान मुलाचं भूत झाशिकी-वाराशी आहे, ते असेपर्यंत घराची भरभराट आणि ते गेलं की घर बसतं. आज तोनोला लोक काप्पाचा ओढा बघायला जातात. एका गावाकडच्या पोराने सांगितलं आणि एकाने लिहून घेतलं, एवढ्यावर हे उभं राहिलंय.

आपल्याकडे काय नाही? पाण्याकाठच्या साती आसरा आहेत, पिंपळावरचा मुंजा आहे, रात्री वाट चुकवून शेताशेतातून फिरवणारा चकवा आहे. चकवा तर मला फँटसीसाठी तयार वाटतो, त्याला नियम आहे, गोल गोल फिरवायचं, मारायचं नाही. पण ह्यातलं मुलांसाठी लिहिलेलं फार कमी सापडतं. श्रावणात कानबाई बसते, रात्रभर बाया गाणी म्हणतात, किती घरांत ती कुणी लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवलीत? काका, तुम्हाला विनंती आहे, तुम्हाला वेळ आहे, घरात नातवाचा मोबाईल असेलच, ह्या श्रावणात गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माउलीच्या शेजारी बसा आणि रेकॉर्डिंग चालू करा. तिच्या अहिराणीत, मध्येच खोकली तरी बंद न करता. तिला आधी विचारून, अर्थात. तो चोपड्याचा भाऊ मोठा झाला की त्याला हे लागणार आहे.

त्सुकुमोगामी म्हणजे काय? एका कथेत छत्री उड्या मारत होती, नीट कळलं नाही. – इयत्ता सहावी, जळगाव

वापरातल्या वस्तूला शंभर वर्षं झाली की तिच्यात जीव येतो अशी समजूत, त्या वस्तू म्हणजे त्सुकुमोगामी. जुन्या छत्रीला एक डोळा, एक पाय आणि लांब जीभ फुटते नि ती उड्या मारते. जुन्या चित्रकथेत वर्षाच्या साफसफाईत उकिरड्यावर फेकलेली भांडी, अवजारं चिडतात, आम्ही इतकी वर्षं राबलो आणि आता फेकता म्हणून माणसांचा बदला घ्यायला निघतात. तुझ्या घरी पणजीचं जातं असेल, मांडे करायचं खापर असेल, आजोबांची पितळी घागर असेल. त्यातलं एक निवड, ते आज रात्री जागं झालं तर पहिलं वाक्य काय बोलेल ते लिही. रागावलेलं असेल की नाही ते तुझ्या घरच्यांनी ते कसं ठेवलंय त्यावर ठरव.

मी भुसावळला कॉलेजला आहे, मुलांसाठी कॉमिक काढतेय. अमातेरासूला व्हिलन केलं तर चालेल का? कथेत ट्विस्ट पाहिजे.

मी नाही करणार, आणि कारण सांगते. योकाई, म्हणजे काप्पा, डोंगरातले लांब नाकाचे तेंगू, छत्र्या वगैरे भुतंखेतं, ह्यांच्याशी जपानी लोक स्वतःच शेकडो वर्षं खेळत आलेत. १७७६ मध्ये तोरियामा सेकिएनने त्यांची चित्रमालिका छापायला सुरुवात केली, तेव्हापासून प्रत्येक चित्रकाराने त्यात भर घातलीय, तूही घाल. पण अमातेरासूची आजही पूजा होते. इसे इथलं तिचं मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर पुन्हा नवीन बांधतात, जुन्याच पद्धतीने, मागचं २०१३ ला झालं, आता २०३३ ला. आपल्या कुलदेवीला कुणी परदेशी पोरीने नुसत्या ट्विस्टसाठी व्हिलन केलं तर आपल्याला जे वाटेल तेच तिथल्या एखाद्या आजीला वाटेल.

ट्विस्ट पाहिजे तर नामाझू घे. जमिनीखाली राहणारा प्रचंड मोठा मासा, तो हलला की भूकंप होतो, काशिमाचा देव त्याच्यावर दगड ठेवून त्याला दाबून धरतो. १८५५ ला एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, मोठा भूकंप झाला त्यानंतर ह्या माशाची चित्रं धडाधड छापली गेली, काहींत लोक त्याला बडवताहेत, पण काहींत सुतार-गवंडी त्याचे आभार मानताहेत, कारण घरं पुन्हा बांधायची म्हणून त्यांना काम मिळालं. व्हिलन आहे की नाही हे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळू नये असं कॅरेक्टर तुला आयतंच मिळतंय. मासा काढताना मिशा लांब काढ, आणि दगड पहिल्याच पानावर दिसू दे.